आत्याला घरी आणलं त्या साली

आमचं घर हैदराबाद सोडून निघालं तेव्हा मी गाडीत नव्हते, काचीगुड्याच्या फलाटावर उभी होते. डब्याच्या खिडकीत अण्णा बसले होते, शेरवानीची गळ्यापर्यंतची बटणं लावून, कचेरीला निघावं तसे. त्यांच्या मागे आई लोखंडी ट्रंकेवर टेकली होती आणि माझा धाकटा भाऊ माधव वरच्या फळीवर चढून बसला होता. गोणपाटात शिवलेली भांडी, गाद्यांच्या वळकट्या, देवांचा डबा, सगळं आत गेलं होतं. पाटा-वरवंटा तेवढा रंगम्मांना देऊन टाकला होता. रंगम्मा आमच्या घरमालकीण, त्याच मला धरून फलाटावर उभ्या होत्या.

गाडी औरंगाबादकडे जाणार होती. आई पदरानं डोळे पुसत होती आणि मला केसांना तेल लावायला सांगत होती.  शिट्टी झाली तेव्हा अण्णा खिडकीतून वाकले आणि म्हणाले, "सुमन, दवाखान्यात डबा वेळेवर जाऊ दे." बस, एवढंच. गाडी वळणाआड गेली तरी मी तिथंच उभी. लोक घर सोडून जातात, हे मी ऐकलं होतं. घरानं मुलीला सोडून जावं आणि मुलीनं त्याला पोचवायला यावं, हे माझ्या वाट्याला आलं.

माझ्यासारखे जे छप्पन्न सालच्या आगेमागे हैदराबाद सोडून गेले, आणि जे तिथंच राहिले, त्या दोघांसाठी हे लिहिते आहे. जे गेले त्यांना वाटतं, राहिलेल्यांचं काही हललं नाही. राहिलेल्यांना वाटतं, गेलेले सुटले. मी थोडी राहिले आणि मग गेले, म्हणून मला दोन्हीकडचं थोडं थोडं ठाऊक आहे.

आम्ही बरकतपुऱ्यात भाड्याच्या घरात राहत होतो. अण्णा मालगुजारीच्या, म्हणजे महसुलाच्या, कचेरीत होते. त्यांचं सगळं शिक्षण उर्दूतून झालेलं. सकाळी संध्या करायचे, मग उर्दू अखबार वाचायचे, आणि आईशी भांडायचे ते मराठीत. आमचं मूळ गाव परभणीकडचं, पण ते मी माधवच्या जावळाला एकदा पाहिलं तेवढंच. अण्णांचा जन्मच हैदराबादचा. आजोबा इथंच नोकरीला आले आणि इथंच गेले.

गोदूआत्या अण्णांची एकुलती धाकटी बहीण. मी लहान असताना तिचं लग्न झालं आणि ती नवऱ्याबरोबर मोंबासाला गेली, आफ्रिकेत. तो तिथं रेल्वेच्या हिशेबखात्यात होता. काही वर्षांत तो तापानं गेला. मूलबाळ नव्हतं. सगळ्यांना वाटलं, आता ही परत येईल. ती आली नाही. तिथल्या हिंदुस्थानी मुलींच्या शाळेत मास्तरीण झाली आणि एकटी राहू लागली. आमच्या नात्यातल्या बायका तिच्याबद्दल आवाज खाली करून बोलायच्या. अण्णा मात्र म्हणायचे, "माझी बहीण कमावून खाते, कुणाच्या दारात बसलेली नाही."

मग एका वर्षी तिची पाठ दुखायला लागली. आधी तिनं दुर्लक्ष केलं, मग शाळेत फळ्यापाशी उभी असताना पायांतलं बळ गेलं. तिथल्या डॉक्टरांनी मणक्याचा क्षय सांगितला आणि मानेखालपासून कमरेपर्यंत प्लास्टर घातलं. तिच्या शेजारच्या गुजराती कुटुंबानं आम्हाला तारेनं कळवलं. ते लोक उन्हाळ्यात मुंबईला येणारच होते, तिला बोटीनं बरोबर आणायची त्यांची तयारी होती. ती स्वतः एकच गोष्ट सांगत होती म्हणे, मला घरी न्या.

आई ऐकून म्हणाली, "कुठं ठेवायचं, कसं करायचं, ते मागून बघू. आधी आणा तिला."

मुंबईला अण्णांबरोबर मी गेले, कारण बाईमाणूस बरोबर हवंच होतं. तेव्हा मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला जाणार होते आणि हैदराबादच्या बाहेर फारशी कधी पडलेली नव्हते. बंदरावर बोट लागली, माणसं उतरली, हमाल चढले, आणि सगळ्यांच्या शेवटी एका लाकडी फळीला बांधलेली आत्या खाली आली. मला आठवत होती ती गोरी, जाड वेणी घालणारी, मोठ्यानं हसणारी बाई. फळीवर होती ती वाळून गेली होती, केस कापलेले. अण्णा तिच्या डोक्यापाशी जाऊन उभे राहिले.  तिनंच वर बघत म्हटलं, "दादा, तुझ्या मिशा पांढऱ्या झाल्या की." आणि मग मला, "ही सुमी ना? पुढे ये, मला मान वळवता येत नाही."

गाडीत ती फळी डब्याच्या दारातून आत वळेना. शेवटी खिडकीचे गज नसलेला डबा शोधला आणि हमालांनी तिला खिडकीतून आत घेतलं. अण्णा बाहेरून फळी धरून होते, मी आतून. आत्या डोळे मिटून "पोले पोले, पोले पोले" म्हणत होती. म्हणजे हळूहळू. ते आफ्रिकेतलं बोलणं आहे हे मला नंतर कळलं, तेव्हा मला वाटलं ती कुठल्या तरी देवाचं नाव घेते आहे. डब्यातल्या बायकांनी आपली बोचकी हलवून तिला पूर्ण बाक दिला. वाडी जंक्शन सोडल्यावर एका स्टेशनावर फेरीवाला दख्खनी उर्दूत ओरडला तशी ती एकदम हसली. म्हणाली, "आलं बघ आपलं बोलणं."

नामपल्ली स्टेशनावर दवाखान्याची मोटार आली होती. आत्या उताणी, तिला खिडकीतून फक्त वरचं दिसायचं, विजेच्या तारा, झाडांचे शेंडे, गच्च्यांचे कठडे. तरी ती रस्ता ओळखत होती. आंब्यांचा वास आला तशी म्हणाली, मोअज्जमजाही मार्केट आलं. टांग्यांचा गलका वाढला तेव्हा म्हणाली, आता अफझलगंज. मग नदीचा तो कुबट वास आला. मी नाक मुरडलं आणि आत्यानं मात्र लांब श्वास घेतला. अण्णा तोंड फिरवून बसले होते. त्यांचे खांदे हलत होते ते मी पाहिलं, आणि न पाहिल्यासारखं केलं.

मुसी नदीकाठचा तो मोठा दवाखाना साऱ्या हैदराबादचा. उंच छताचे वॉर्ड, कबुतरं, दगडी जिने. डॉक्टरसाहेब जुन्या वळणाचे होते, बायकांच्या वॉर्डात येताना आधी बाहेरून खोकायचे. त्यांनी प्लास्टर काढलं, तपासलं, पुन्हा घातलं, आणि अण्णांना व्हरांड्यात नेऊन समजावलं की मणक्यात पू साचला आहे, त्याचा दाब पायांच्या नसांवर येतो आहे. रोज इंजेक्शनं द्यायची आणि निजवून ठेवायचं. काही महिन्यांनी बघू, उतार पडला नाही तर ऑपरेशन. चालेल का, असं अण्णांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, त्याचं उत्तर आज माझ्याजवळ नाही.

उन्हाळा गेला, पावसाळा गेला. आत्याच्या खाटेच्या गजाला आम्ही एक हातआरसा बांधला होता. त्यात तिला दार दिसायचं, कोण आलं ते कळायचं. मी कॉलेज सुटलं की डबा घेऊन जायची. ती मला इतिहास तोंडपाठ म्हणायला लावायची, चुकलं की तिथूनच रागवायची. वॉर्डातल्या बायका तिला टीचरम्मा म्हणू लागल्या. तिला खायला हवी असायची ती अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकरी. मोंबासात इतकी वर्षं उकडलेला मोगोचा कंद आणि मक्याचा सांजा खाऊन काढली, म्हणायची, आणि स्वप्नात यायची ती अंबाडी. पायांना मात्र काही कळत नव्हतं. मी तेल लावायची तेव्हा ती विचारायची, "आता कुठल्या पायाला लावतेस?"

त्याच दिवसांत घरी दुसरंच बोलणं सुरू झालं होतं. भाषेवर प्रांत होणार, हैदराबादचे तीन तुकडे होणार, मराठी मुलूख मुंबईला जोडणार. मराठी लोकांना आनंद व्हावा अशीच गोष्ट होती, आणि अण्णांच्या ओळखीतले कितीतरी जण खरोखर आनंदात होते. आमच्या घरात तो आनंद येऊन दारात थबकला. कचेरीतले मराठी लोक नव्या राज्यात वाटले जाणार होते. अण्णांना औरंगाबाद आलं. ऑक्टोबर संपायच्या आत तिथं हजर व्हायचं होतं.

आत्याला न्यायचं म्हणून अण्णा डॉक्टरांकडे गेले. मी बरोबर होते. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "साहब, ये सफर का मरज नहीं है. अब हिलाया तो पाँव हमेशा के लिए गए." ऑपरेशन करावं लागणार, हेही त्यांनी त्याच दिवशी सांगितलं.

अण्णांनी वरच्या साहेबांना विनंती केली. त्यांनीही हळहळून सांगितलं की आता हातात काही नाही. मग अण्णा नोकरी सोडायच्या गोष्टी बोलू लागले. आईनं सरळ सांगितलं, की नोकरी सोडलीत तर तुमच्या बहिणीला इंजेक्शनं कोण देणार आणि मुलांच्या तोंडात काय घालणार. मी मागे राहते, असंही ती म्हणाली. पण अण्णांना साखरेचा आजार, पथ्याचं सगळं तीच बघायची, माधव लहान. दोन्हीकडून ओढ लागली होती. आणि आत्याला यातलं काहीच सांगितलेलं नव्हतं. अण्णा रोज कचेरीतून दवाखान्यात जायचे, आरशात दिसतील असे हसत आत शिरायचे, इकडचं तिकडचं बोलून निघायचे.

एक दिवस तिनंच विचारलं, "दादा, तू मला भेटायला येतोस की पळायला? काय झालंय?"

अण्णा स्टुलावर बसले आणि सगळं सांगितलं. आत्या छताकडे बघत होती. तशीच म्हणाली, "म्हणजे मी आले, आणि तुम्ही निघालात."

अण्णा म्हणाले, "गोदू, मी नाही जात."

"जा," ती म्हणाली. "तुला पोरं पोसायची आहेत. मला इथं आणायचं होतंस, आणलंस. इथं काही झालं तरी चालेल मला." आणि लगेच बाजूच्या खाटेवरच्या बाईला काहीतरी विचारायला लागली, जणू विषय संपला. अण्णा गेल्यावर तिनं माझं मनगट घट्ट धरलं. डोळ्यांतलं पाणी कानांकडे ओघळत होतं. उताण्या माणसाचं रडणं तसंच असतं, ते पुसायचंही दुसऱ्यालाच लागतं.

त्या संध्याकाळी जेवताना मी सांगितलं की मी राहते. परीक्षा इथलीच द्यायची आहे, कॉलेज इथं आहे, आत्या इथं आहे. आईचा हात ताटावर थांबला. अण्णा म्हणाले, लग्नाची मुलगी, एकटी, अशा परक्या गावात? मग त्यांचं त्यांनाच ऐकू आलं असावं. जन्मभर ज्याला घर म्हटलं त्या गावाला पहिल्यांदा त्यांच्या तोंडून परकं हा शब्द निघाला होता. ते ताटावरून उठून जिन्यात जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी रंगम्मा स्वतः वर आल्या. तेलुगू बाई, नवरा वारलेला, मुली सासरी. आमच्याशी त्या दख्खनीच बोलत. अण्णांना म्हणाल्या, "बच्ची मेरे पास सोयेगी, मेरे साथ खायेगी. तुमे काइकू परेशान होते? मेरी बेटी होती तो तुम सँभालते कि नहीं?" अण्णांनी हात जोडले. त्यांनी कुणापुढे हात जोडलेले मी तोवर पाहिले नव्हते.

तर अशी मी फलाटावर राहिले.

नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला वॉर्डात लाडू वाटले. बाहेर झेंडे, बँड, भाषणं. आत्याच्या एका बाजूला वरंगळकडची म्हातारी होती, दुसऱ्या बाजूला गुलबर्ग्याची नवीन लग्न झालेली मुलगी. म्हातारीच्या मुलानं सांगितलं की आता आपण आंध्र प्रदेश. गुलबर्ग्याच्या मुलीला तिच्या भावानं सांगितलं की आपण म्हैसूरकडे गेलो. ती बिचारी घाबरून विचारायला लागली की मग मला इथून उठवतील काय. आत्यानं तिला समजावलं, आजाऱ्याला कुणी उठवत नाही. मग मला म्हणाली, "बघ गं सुमे, या दोघींना राज्यं मिळाली. दादा मुंबई राज्यात गेला. मी इंग्रजांच्या मुलखातून आलेली, मला कुणीच वाटून घेतलं नाही." आणि हसली. प्लास्टरमध्ये हसलं की दुखायचं, तरी हसली.

ऑपरेशन त्याच महिन्यात झालं. सकाळी तिला नेताना तिनं आरसा तेवढा सोडून माझ्या हातात दिला. मी जिन्यापाशी बसले. रंगम्मा माझ्याबरोबर होत्या. त्यांनी डब्यातून पुलिहोरा, चिंचेचा भात, आणला होता, तो दोघींच्यानं खाववेना. मी नदीकडे बघत होते आणि मनात एकच विचार येत होता, की आता आत काही झालं तर ते मला एकटीला ऐकायचं आहे, आणि मग अण्णांना सांगायचं आहे. घरात मोठं होणं काय असतं ते मला त्या जिन्यावर कळलं. दुपार कलल्यावर डॉक्टरसाहेब बाहेर आले. थकलेले दिसत होते. म्हणाले, "हमारा काम हो गया, बेटा. अब उनकी हिम्मत, और ऊपरवाले की मर्जी."

नंतरचे दिवस लांबच लांब होते. ताप चढायचा, उतरायचा. पाय तसेच. डॉक्टर टाचणी टोचून विचारायचे आणि आत्या नाही म्हणायची. पुढे पुढे ती नाही हा शब्दही टाळू लागली, नुसती डोळे मिटून घ्यायची. अंबाडीची भाजी परत यायला लागली. इतिहासाचं विचारणं बंद झालं. औरंगाबादहून आई निरोप धाडायची, कशी आहे, आणि मी दरवेळी तेच कळवायची, तशीच आहे.

मग संक्रांत आली. मी तिळगूळ घेऊन गेले होते. ऊन वॉर्डात आलं होतं, मी स्टुलावर बसून वॉर्डभर वाटायच्या पुड्या बांधत होते. आत्या म्हणाली, "सुमे, माझ्या पायावर माशी बसलीय का?"

मी पाहिलं. तिच्या उजव्या अंगठ्यावर एक माशी बसली होती. प्लास्टरमध्ये उताणी पडलेल्या तिला पाय दिसणं शक्यच नव्हतं. आरसा दाराकडे वळलेला. मी सवयीनं हाकलायला हात उचलला.

"असू दे," ती म्हणाली. "राहू दे तिला."

 माशी अंगठ्यावरून पावलावर चढली, थांबली, परत खाली आली. आत्या ती कुठं आहे ते मला सांगत होती. आता बोटांत. आता वर. आता गेली. गेल्यावर ती माझ्याकडे बघून म्हणाली, "दादाला तार कर." आणि मग तिळगुळाची पुडी मागितली.

पुढचं सगळं पोले पोले झालं. आधी बोटं हलली, मग गुडघा. उन्हाळ्याच्या तोंडाशी तिला चामड्याचा पट्टा बांधून बसवलं, तेव्हा ती चक्कर येऊन माझ्यावर कोसळली आणि म्हणाली की जग किती खाली आहे. मग खाटेला धरून उभं राहणं, मग दोन काठ्या. गुलबर्ग्याची मुलगी तोवर घरी गेली होती, वरंगळची म्हातारी वारली होती. परीक्षा झाली, मी पास झाले. त्यात आत्याचा हात किती होता ते सांगायला नको.

ती सुटणार म्हणून अण्णा आले. औरंगाबादेत घर घेतलं होतं, तिच्यासाठी पुढची खोली ठेवली होती, तिथं ऊन चांगलं येतं असं ते सांगत होते. दवाखान्यातून तिला आधी रंगम्मांच्या घरी आणलं, तिथं अण्णा आमच्या जुन्या जिन्याकडे बघत उभे राहिले. वर आता दुसरं बिऱ्हाड होतं. रंगम्मांनी बसायला सांगितलं तरी ते बसेनात, पाहुण्यासारखं तिथं कसं बसावं हे त्यांना कळत नसावं.

आत्या काठ्या टेकत आली आणि समोर बसली. म्हणाली, "दादा, मी येत नाही."

अण्णांना आधी थट्टा वाटली. मग ते रागावले. इतक्या लांबून आणली, इतकं केलं, ते असं एकटीनं राहायला का. आत्यानं सगळं ठरवलं होतं. रंगम्मा खालची खोली द्यायला तयार होत्या. जवळच्या मुलींच्या मराठी शाळेत तिनं मला पाठवून विचारूनही ठेवलं होतं. त्या साली इतके मराठी मास्तर निघून गेले होते की शाळेला माणसं हवीच होती.

"मला घरी न्या, असं मी म्हटलं होतं," ती म्हणाली. "तू घरीच आणलंस. आता मला इथून कशाला हलवतोस?"

 अण्णा म्हणाले, "गोदू, ते घर मी होतो ना गं?"

आत्यानं खाली बघितलं. "तूही होतास," ती म्हणाली. "पण तूच नव्हतास, दादा."

मी तिथंच उभी होते. दोघंही खरं बोलत होते आणि दोघांनाही लागलं होतं. अण्णांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, लहानपणी ठेवत असतील तसा. मग रंगम्मांकडे चहा मागितला, आणि शेवटी बसले.

मी अण्णांबरोबर औरंगाबादला गेले. दोन वर्षांनी लग्न होऊन पुण्याला. तिथं माझ्या बोलण्याची गंमत व्हायची. मी वर्तमानपत्राला अखबार म्हणायची, बदलीला तबादला म्हणायची, आमटीत चिंच घालायची. सासूबाई पाहुण्यांना सांगायच्या, आमची सून निजामाकडची. मी सुधारले. आमटीत गूळ घालायला शिकले, नक्को म्हणायचं सोडलं. पण मुलं आजारी पडली की तोंडून आपोआप हैदराबादचं यायचं, रंगम्मांनी शिकवलेलं, तेलुगू आणि दख्खनीची खिचडी. माझी मुलगी आता अमेरिकेत तिच्या मुलांना ताप आला की तेच शब्द बोलते, अर्थ न कळता.

आत्यानं तिथल्या पोरींना खूप वर्षं शिकवलं. पाठीत थोडी वाकलेली, एका काठीवर, बरकतपुऱ्यातून शाळेत जायची. रिक्षावाल्यांपासून भाजीवाल्यांपर्यंत सगळ्यांची टीचरम्मा. रंगम्मा गेल्या तेव्हा त्यांच्या मुलींच्या बरोबरीनं तिनं सगळं केलं. अण्णा दरवर्षी दिवाळीला तिच्याकडे जायचे. रिटायर झाल्यावर तर महिना महिना राहायचे. आई थट्टेनं म्हणायची, यांचं माहेर बरकतपुऱ्यात आहे. शेवटी अण्णा औरंगाबादेत गेले, आत्या हैदराबादेत, झोपेत, स्वतःच्या खोलीत.

आता तिथं आणखी एक नवं राज्य झालं. माधवचा नातू ओंकार तिथं नोकरीला आहे, गच्चीबावलीच्या काचेच्या इमारतींत. मराठी बोलतो बरं, वाचत नाही. मला म्हणतो, आज्जी, लिहू नकोस, व्हॉइस नोट पाठव. त्यानंच मागे मला बोलावलं. म्हणाला, तू हैदराबाद नीट बघितलं नसशील, मी दाखवतो. मी हो म्हटलं. त्यानं मला मॉल दाखवले, उड्डाणपूल दाखवले, आणि मी प्रत्येकाला छान म्हटलं.

एक दिवस तो कामावर गेल्यावर मी रिक्षा करून अफझलगंजला गेले. गर्दी फार वाढली आहे. नदी तशीच, वासही तसाच. दवाखान्याच्या फाटकाजवळच्या कट्ट्यावर जागा मिळाली तिथं बसले, जरा दम खायला. शेजारी एक बाई बसली होती, मांडीवर डबा, हातात औषधांची पिशवी. डोळे तारवटलेले. तिचा नवरा आत होता, खेड्यावरून आणला होता, तिनं सगळं सांगितलं. मी ऐकत राहिले. मग तिनं मला विचारलं, "तुमारा कौन है अंदर, अम्मा?"

मी सांगितलं, माझी फूफी होती, मणक्याचं दुखणं होतं, उठून बसत नव्हती.

तिनं जरा घाबरत विचारलं, "फिर?"

"अच्छी हो गई," मी म्हटलं. "चल के गई घर कू."

तिचा चेहरा थोडा सैल झाला. डबा उघडून तिनं मला भाताचा घास घ्यायचा आग्रह केला, मी घेतला. खाता खाता तिनं विचारलं, घर कुठं आहे तुमचं.

पुणं म्हणायला मी तोंड उघडलं होतं. आधारकार्डावर पुणं आहे, पेन्शन पुण्यात येते, माझी माणसं पुण्यात आहेत. पण त्या बाईला मी जे सांगितलं ते माझ्या आधी माझ्या जिभेनं ठरवलं होतं.

"यहींच," मी म्हटलं.